कापड खाली येतं तेव्हा

मास्तरच्या हाताला शिस्त होती. लग्नानंतरची पंधरा वर्षं त्याने बायकोच्या तोंडावर कधी हात उगारला नाही. पाठ, दंड, बरगड्या, मांड्या. जिथवर कापड पोचतं तिथवरच त्याचा मार पोचायचा. शेवटी कटिंग मास्तरच तो. अंगावर कापड कुठे संपतं आणि उघडी कातडी कुठे सुरू होते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "तोंड दुकानाचं असतं, त्याला हात लावायचा नाही," असं तो म्हणायचा, आणि अशा सुरात म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा समंजस माणूस.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन शिलाई मशिनं, कडा शिवायचं एक ओव्हरलॉक, मधोमध कटिंगचं लांबलचक टेबल, त्याच्या कडेला तापलेली इस्त्री. मास्तर कापायचा, बायको शिवायची, आणि गल्लीच्या टोकाला राहणारी काजवाली मावशी आठवड्यातून तीनदा येऊन हाताने काज-बटणं करून जायची. घरात घालायचे गाऊन हा त्यांचा माल. त्यावरून मास्तरच्या बायकोला सगळे गाऊनताई म्हणत.

पूर्वी बायका दुकानात येऊन गाऊन घ्यायच्या. मग येणं कमी झालं आणि तेरा वर्षांच्या लेकीने, भिंगरीने, आईला फोनवर लाइव्ह करायला शिकवलं. दुपारी तीनला फोन स्टँडवर लागायचा, मागे गोल दिवा पेटायचा, गाऊनताई टेबलाशी उभी राहायची. इस्त्री केलेला एकेक गाऊन दोन्ही खांद्यांना धरून ती डोक्याच्या वर न्यायची, म्हणजे घेर पुरता खाली सुटायचा आणि ती स्वतः पार झाकली जायची. मग झपकन खाली, हनुवटीपर्यंत, म्हणजे अंगावर कसा बसेल ते कळायचं. वर, खाली, पुढचा. ही तिची पद्धत. भिंगरी फोनमागे बसून बायकांचं लिहिलेलं वाचून दाखवायची. झालेलं लाइव्ह तिथेच साठून राहायचं, ज्यांना तीनला जमलं नाही त्यांच्यासाठी.

फिल्टरही भिंगरीनेच लावला. "आई, डोळ्यांखाली किती काळं दिसतंय गं. मीच तुला विकत घेणार नाही, गाऊन कोण घेईल?" एका बोटात काळं गेलं. नाक जरा निमुळतं झालं, रंग दोन छटा उजळला, हनुवटीवरचा तीळ पुसला गेला. आवाजाचीही सोय होती. 'मधुर' दाबलं की गाऊनताईचा बसका, धाग्यांच्या धुळीने खरखरलेला आवाज नुकत्याच न्हालेल्या मुलीसारखा निघायचा. मायलेकी खूप हसल्या होत्या त्या दिवशी.

त्यानंतर पंधरवड्यात मास्तरची शिस्त मोडली, ती एका गळ्यापायी.

लाइव्हमध्ये कुणीतरी लिहिलं, "ताई, या गाऊनचा गळा फार खोल वाटतोय." गाऊनताई हसत म्हणाली, "हो ना, मास्तरांची कात्री जरा घसरली." दीडशे बायका हसल्या. मास्तर आत चहा पीत होता. रात्र गेली, सकाळ गेली, आणि दुसऱ्या दिवशी पावणेतीनला ती गाऊन घडी करत असताना तो समोर येऊन उभा राहिला.

"माझी कात्री घसरते?"

थप्पड इतकी जोरात बसली की ती ओव्हरलॉकवर जाऊन आपटली. गाल बघता बघता फुगला, डोळ्यात रक्त उतरलं. मास्तरने आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. घाबरला होता तो.

"आता?" तो म्हणाला. "आता तीनला काय करायचं?"

भिंगरी कोपऱ्यात उभी होती. तिने फोन स्टँडवर लावला, दिवा पेटवला. तिघांनी पडद्यावर पाहिलं. गाल सपाट. डोळा पांढराशुभ्र. पडद्यातली बाई जराशी लाजून बघत होती, जशी काही तिला कुणीतरी नुकतंच सुंदर म्हटलंय.

मास्तरच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली. ती उतरताना गाऊनताईने पाहिली, आणि तिला कळलं की इथून पुढे आपलं काही खरं नाही.

तसंच झालं. ज्या तोंडाला पंधरा वर्षं सूट होती त्याने पुढच्या आठ महिन्यांत सगळी कसर भरून काढली. लाकडी पट्टीची धार गालफडावर. कात्रीची मूठ कपाळावर. एकदा मशीनच्या कडेवर डोकं आपटलं तेव्हा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. तो तुकडा तिला दोन दिवसांनी कापडाच्या चिंध्यांत सापडला. म्हणतात ना तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसा. फक्त इथे तोंड दाबायचीही गरज उरली नव्हती. तीन वाजता दिवा पेटायचा आणि सगळं भरून यायचं. "ताई, तुम्ही चेहऱ्याला काय लावता?" बायका विचारायच्या. मागून मास्तर हसत ओरडायचा, "सुख लावते, सुख!"

गाऊनताईची आई दुसऱ्या गावी एकटी राहायची. ती रोज लाइव्ह बघायची. तिला लिहिता यायचं नाही, म्हणून ती नुसतं एक फूल पाठवायची. संध्याकाळी मायलेकी बोलायच्या तेही त्याच ॲपवरून, कारण त्यात चेहरा दिसतो. ही आई म्हणजे अशी की पूर्वी लेकीने फोनवर नुसतं "हॅलो" म्हटलं तरी विचारायची, "का गं, रडलीस?" आता लेक ओठ फुटलेला असताना बोलायची आणि आईला ऐकू यायचा तो मधुर आवाज.

"तब्येत छान झालीय हो तुझी," आई म्हणायची. "माहेरी होतीस तेव्हाही इतकी देखणी नव्हतीस."

पहिल्यांदा गाऊनताईला वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, असू दे. आईला एक तरी सुखी लेक असू दे.

आणि हळूहळू तिलाही ती सुखी लेक खरी वाटू लागली. आत मोरीवर एक आरसा होता, त्याच्यावर तिने टॉवेल टाकायला सुरुवात केली. केस विंचरायचे तर फोन उघडून. मारताना तो केस धरायचा तेव्हा ती डोळे मिटून मनात म्हणायची, मार, मार हिला. माझं काय जातंय, मी तिकडे आहे. तिकडे म्हणजे स्टँडवर, काळ्या पडद्याच्या आत, तीन वाजायची वाट बघत. मार लागायचाच. पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला वाटायचा, भिंतीपलीकडच्या भांडणासारखा.

मास्तरचंही तसंच. जेवण झालं की तो पलंगावर पडून बायकोचे जुने व्हिडिओ बघायचा. कधी अंगठ्याने पडद्यावरचा गाल पुसायचा, इतक्या हळुवार की बघणाऱ्याला लाज वाटावी. आणि मग पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या बायकोकडे मान वर करून बघायचा.

"हिच्यासारखं राहायला काय होतं तुला?"

"ती मीच आहे अहो."

"तू?" तो हसायचा. "थोबाड बघितलंयस?"

हे असंच किती वर्षं चाललं असतं, देव जाणे. माणसाला कशाचीही सवय होते. पण एका सोमवारी भिंगरीच्या हातून खडूचा डबा सांडला आणि नव्या कापडाच्या ताग्यावर निळी रेघ उमटली. मास्तरने पहिल्यांदाच तिच्या मुस्काटात भडकावली. पाचही बोटं उठली. गाऊनताई मशीनवरून धावली, "बाळा, बघू, इकडे ये" म्हणत. भिंगरी आईकडे आलीच नाही. ती रडलीही नाही. ती सरळ स्टँडपाशी गेली, फोन काढला, फिल्टर लावून तोंडासमोर धरला आणि आईकडे वळवला.

"बघ," ती म्हणाली. "काही नाही झालं मला."

गाऊनताईला त्या पोरीचे दोन चेहरे एकाच वेळी दिसले. एक फोनमध्ये, गोरा, गुलाबी, आणि त्याच्या मागे एक, सुजत चाललेला, आणि दोन्ही तिच्याकडे शांतपणे बघत होते. तिला मोरीपर्यंतही पोचता आलं नाही. तिथेच ओकली ती.

मंगळवारी सकाळी मास्तर सूत आणायला गेला तेव्हा ती पोलीस चौकीत गेली. एकटीच. टेबलामागे एक हवालदारबाई बसली होती, तिच्याच वयाची, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने फॉर्म काढला, वय विचारलं, पत्ता विचारला.

"ओळखीची खूण?"

"म्हणजे?"

"अंगावर, चेहऱ्यावर काही खूण. तीळ, व्रण."

"काही नाही," गाऊनताई म्हणाली.

हवालदारबाईने मान वर केली. "आणि हनुवटीवर तीळ आहे तो?"

गाऊनताईचा हात हनुवटीकडे गेला. तिथे खरंच तीळ होता. एका मुगाएवढा, एक केस असलेला, जन्मापासूनचा. ती त्याला विसरून गेली होती. ती इतका वेळ त्याच्यावर बोट फिरवत राहिली की हवालदारबाईने पेन खाली ठेवलं.

"बाई, तुम्ही ठीक आहात ना?"

मास्तरला बोलावलं गेलं. तो आला तो हात जोडूनच. गालावरचा पिवळा डाग? गेल्या आठवड्यात मोरीवर घसरली हो. आठ महिने? त्याने स्वतःचा फोन काढून टेबलावर ठेवला. "बाईसाहेब, कुठल्या तारखेला मारलं म्हणते ती? सांग, तारीख सांग." तिने एक सांगितली, दात तुटला ती. मास्तरने त्या दिवशीचं लाइव्ह लावलं. गाऊनताई अख्ख्या दातांनी हसत होती.

"फिल्टर आहे तो," ती म्हणाली.

"ते मलाही कळतं," हवालदारबाई म्हणाली. तिचा आवाज वाईट नव्हता. "पण फिल्टरखाली काय होतं हे तुम्ही एक सांगता, हे एक सांगतात. मी कागदाला काय जोडू? हे आठ महिने तुम्हीच हसताय. बोलताय तुम्हीच. कुठल्या चेहऱ्याची तक्रार लिहू मी?"

मास्तरने चौकीतून तिला हाताला धरून बाहेर आणलं, पायरी उतरताना "सांभाळून" म्हणाला. घरी पोचल्यावर त्याने दार लावलं, आतली कडी घातली, भिंगरीला माळ्यावर जायला सांगितलं. मग कटिंगच्या टेबलावरचा लोखंडी वजनाचा ठोकळा उचलला, ज्याने कापड हलू नये म्हणून दाबतात तो.

नाकाचं हाड मोडल्याचा आवाज कैरी फोडल्यासारखा आला. तो तिने अगदी स्पष्ट ऐकला. रक्त तोंडात, घशात, गळ्याखाली, टेबलावरच्या पांढऱ्या अस्तरावर. तिने डोळे मिटले आणि नेहमीसारखं तिकडे जाऊ पाहिलं. पण त्या दिवशी तिकडे कुणी नव्हतं. तिथली बाई सकाळी चौकीत हसत बसली होती, मास्तरच्या बाजूने साक्ष देत. गाऊनताईला सगळा मार इथेच, स्वतःच्या अंगावर खावा लागला. आठ महिन्यांचा एकदम.

"तीनला लाइव्ह आहे," मास्तर हात धुताना म्हणाला. "चूळ भर."

तीनला दिवा पेटला. नाक सरळ, सुरेख. श्वास तोंडाने घ्यावा लागत होता तरी आवाज मधुर. तिने सोळा गाऊन दाखवले. वर, खाली. वर, खाली. आईने फूल पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर अंघोळीला गेला असताना काजवाली मावशी आली. बटणांचा डबा टेबलावर ठेवलाही नाही तिने. पिशवीतून फोन काढला, आणि काढता काढताच गाऊनताईचं तोंड तिच्या दृष्टीस पडलं. मावशी स्टुलावर बसली.

"म्हणजे खरंच," ती म्हणाली. "मला वाटलं, माझेच डोळे गेले."

"काय खरंच?"

"कोणते गाऊन विकले गेले ते बघायला मी रोज बघते ना तुला. बटणं कुठली घ्यायची ते कळायला हवं. काल बघताना दचकलेच. तू गाऊन वर नेतेस, मग खाली आणतेस, बरोबर? कापड खाली येतं तेव्हा, अगदी पापणी लवेपर्यंत, तू दिसतेस."

"मीच असते की मावशी."

"ती नव्हे गं! तू. तू दिसतेस, ही." मावशीने बोट तिच्या नाकापाशी नेलं. "तोंड झाकलं गेलं की त्या यंत्राचा हात सुटत असेल तोंडावरून. परत धरेपर्यंत एक क्षण जातो. मी थांबवून थांबवून पाहिलं. घे, बघ."

मावशीची आख्खी हयात सुईच्या नेढ्यातून दोरा ओवण्यात गेली होती. दुसऱ्या कुणाला तो क्षण सापडला नसता. फोनवर हिरवा गाऊन अर्धवट खाली आलेला, आणि त्याच्या काठावर एक तोंड. नाक डावीकडे कलंडलेलं, दोन्ही डोळ्यांखाली जांभळी वर्तुळं, आणि हनुवटीवर तीळ.

गाऊनताई बघत राहिली. बराच वेळ. तिला त्या बाईची किळस आली नाही. बऱ्याच दिवसांनी गर्दीत आपलं माणूस दिसावं, तसं काहीतरी वाटलं.

"जुन्यातही असेल?" तिने विचारलं.

"सगळ्यात असणार. तू रोज तेच तर करतेस."

"शोधाल मावशी?"

"शोधते की. काज विणते ती बाई आहे मी, भोकंच शोधत आले जन्मभर." आतून मोरीचं दार वाजलं, तशी मावशी उठली आणि मोठ्याने म्हणाली, "सहा भोकांची बटणं नाहीत हो, चारचीच आणते!"

चौकीत पुन्हा जायचं ते मावशीचं शोधून झाल्यावर, असं ठरलं होतं. पण त्या दुपारी दिव्यासमोर उभी राहिल्यावर गाऊनताईचे हात आपसूकच सावकाश झाले. तिने निळा गाऊन वर नेला आणि इतक्या हळू खाली आणला की कापडाचा काठ कपाळावरून, मोडक्या नाकावरून, फुटक्या ओठावरून एकेक करत उतरला. आणि परत वर. परत खाली.

"ताई, निळा दाखवलात की," भिंगरीने वाचलं. मग तिचा आवाज अडखळला. "आई... कुणीतरी विचारतंय, तुमच्या नाकाला काय झालं."

तिने निळा पाचव्यांदा वर नेला. मास्तर आतल्या दारात येऊन उभा होता. त्याला यंत्रातलं काही कळलं नाही, पण बायको एकच गाऊन पाच वेळा का दाखवते आहे एवढं कळायला कटिंग मास्तर असावं लागत नाही.

आजवर तो कधी दिव्याच्या उजेडात आला नव्हता. त्या दिवशी आला. टेबलाला वळसा घालून डाव्या हाताने त्याने तिचा गळा धरला आणि उजवा हात टेबलावर रोवला.

पुढचं जे बायकांना दिसलं, ते मावशीने नंतर कितीदा तरी सांगितलं. फोनने मास्तरलाही माणूस म्हणून धरलं. त्याच्या दाढीच्या खुंटांवरून गुलाबी गाल उगवले, तारवटलेले डोळे टपोरे झाले, आवळलेले ओठ लालचुटुक. "मारून टाकतो तुला, रांडे," तो म्हणाला, आणि बायकांना ते ऐकू आलं मधाच्या थेंबासारखं. एक देखणा नवरा एका देखण्या बायकोच्या गळ्यात पडला होता. पडद्यावर बायकांनी पाठवलेल्या लाल बदामांचा पाऊस पडला. 'किती गोड जोडी!' कुणीतरी लिहिलं. 'नजर न लागो!'

गाऊनताईच्या डोळ्यांपुढे काळं येत होतं. हातातला निळा गाऊन मात्र सुटला नव्हता. तिने तो दोघांच्या तोंडांवरून वर ओढला आणि खाली. वर आणि खाली. प्रत्येक वेळी एक पापणी लवेल एवढं खरं: त्याचे दात, तिची बाहेर आलेली जीभ. आणि परत गोड जोडी. परत दात. बदाम थांबले.

मग तिचा उजवा हात कापड सोडून बाजूला चाचपडला. इस्त्री होती तिथेच होती, लाल दिवा लागलेली. तिने ती उचलली आणि टेबलावर रोवलेल्या त्याच्या पंजावर, कात्री धरायच्या त्या पंजावर, ठेवली. नुसती ठेवली नाही. जाड कॉलर दाबतात तशी अंग घालून दाबली. कातडीचा वास सुटला. गळ्यावरची पकड सुटली. तो किंचाळला, आणि मावशी म्हणते, ती किंकाळी फोनवर अंगाई गायल्यासारखी आली.

तो हात धरून बाहेर पळाला. भिंगरीने उडी मारून आतली कडी घातली. तेवढ्यात स्टँडवरचा फोन वाजायला लागला. लाइव्ह बंद पडलं आणि साधा फोन आला. आजीचा. साधा, चेहरा नसलेला. भिंगरीने तो आईच्या कानाला लावला.

"हॅलो," गाऊनताई म्हणाली. आवाज कसला, चिरलेल्या कापडासारखं काहीतरी घशातून आलं.

पलीकडे आईने तेवढ्यावरून ओळखलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

गाऊनताईने तोंड उघडलं, तर नुसता खोकलाच आला.

"बरं," आई म्हणाली. "तू बोलू नकोस. पुढची गाडी धरते मी."

चौकीत मास्तर आधीच पोचला होता, कोपरापर्यंत बँडेज बांधून. चोराच्या उलट्या बोंबा. त्याची तक्रार लिहून झाली होती आणि त्याला पट्टी बदलायला दवाखान्यात पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाऊनताई तिथे पोचली तेव्हा हवालदारबाईचा चष्मा कपाळावर नव्हता, नाकावर होता.

"तुम्ही नवऱ्याचा हात भाजला, हे दोनशे बायकांनी पाहिलं," ती म्हणाली. "हाताला फिल्टर नसतो. तुमचा गळा धरला म्हणता, तर तिथे सगळे म्हणतायत जोडी गोड होती. काही म्हणतात मधेच भयंकर काहीतरी दिसलं, पण काय ते कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला कळतंय ना, मी आज तुम्हालाच आत बसवू शकते?"

"कळतंय," गाऊनताई म्हणाली. तिच्या एका बाजूला आई बसली होती, रात्रभरच्या प्रवासाने मुडपलेली, हातातली पिशवी अजून न सोडलेली. दुसऱ्या बाजूला भिंगरी. काजवाली मावशी उभीच होती. तिने पुढे होऊन फोन टेबलावर ठेवला.

"एकतीस आहेत," मावशी म्हणाली. "डोळे दुखले म्हणून थांबले. अजून निघतील."

हवालदारबाईने पहिलं चित्र पाहिलं. अर्धा गाऊन, अर्धं तोंड, खाली तारीख. दुसरं पाहिलं. पिवळा गाऊन, सुजलेला गाल. चेकचा गाऊन, कपाळावर खोक. दात तुटल्याची ती तारीख, आणि तुटलेला दात. ती एकेक करून सरकवत गेली, आधी भराभर, मग सावकाश. एका चित्रापाशी तिचा अंगठा थांबला. हिरवा गाऊन, ताजं मोडलेलं नाक.

"हा मंगळवार," ती म्हणाली. "मंगळवारी तर तुम्ही इथे..."

"हो. तुम्ही घरी पाठवलंत ना, त्यानंतरचं. तीन वाजताचं."

भिंगरीच्या आजीने पिशवी खाली ठेवली आणि फोन स्वतःकडे ओढून घेतला. पहिल्या चित्रापासून बघायला लागली. कुणी तिला अडवलं नाही. ती रडली नाही. प्रत्येक चित्रापाशी नुसती मान हलवत होती, हजेरी घ्यावी तशी.

हवालदारबाईने खण उघडला आणि कोरा फॉर्म काढला. मंगळवारचा शोधला नाही. वय लिहिलं, पत्ता लिहिला, न विचारता. मग पेन थांबलं.

"त्याची तक्रार रद्द होत नाही हं," ती म्हणाली. "तीही चालेल. दोन्ही चालतील. इस्त्रीचं तुम्हाला उत्तर द्यावं लागेल."

"देईन."

"ओळखीची खूण?"

"हनुवटीवर तीळ," गाऊनताई म्हणाली. "लिहा. नाकाचं हाड डावीकडे वाकलेलं. वरचा पुढचा दात अर्धा. उजव्या भुवईत खोक, तिथे केस उगवत नाहीत. डाव्या कानामागे तीन टाके, ते मीच घातलेत, शिलाईच्या दोऱ्याने. गळ्यावर..."

"अहो बाई, एकच लिहायची असते. एवढीशी जागा आहे."

गाऊनताईने फॉर्म आपल्याकडे वळवून ती चौकट पाहिली. खरंच, बोटभर होती.

"मागची बाजू कोरीच आहे ना?" ती म्हणाली. "तिकडे लिहा. मी सांगते सावकाश."